ऑप्टिकल कोरिलेटर: विमान सोडून बाकी सगळं चमकतंय, नॉइज कसा कमी करावा?

अर्धवट_एमटेक
नमस्कार मंडळी. धागा थोडा तांत्रिक आहे, पण इथे फिजिक्सवाले आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले बरेच आहेत असं दिसतंय म्हणून धाडस करतोय.

माझा एमटेकचा प्रोजेक्ट टार्गेट रेकग्निशनवर आहे, पण लेसर आणि लेन्स वापरून. म्हणजे एका सीनमध्ये ठरलेली आकृती (माझ्याकडे वरून दिसणारं विमान) आहे का आणि नेमकी कुठे आहे हे शोधायचं. लेन्सच्या फोकल प्लेनमध्ये फुरिये ट्रान्सफॉर्म (चित्राची बारीक-मोठ्या तपशिलांत, म्हणजे फ्रिक्वेन्सींत विभागणी) फुकटात मिळतो, त्याचा फायदा घ्यायचा. सेटअप जॉइंट ट्रान्सफॉर्म कोरिलेटरचा आहे: हेलियम-निऑन लेसर, १०एक्स ऑब्जेक्टिव्ह आणि २५ मायक्रॉनचं पिनहोल, मग जुन्या प्रोजेक्टरमधून काढलेलं एलसीडी पॅनेल (८०० बाय ६००, पिक्सेल ३२ मायक्रॉन), दोन्हीकडे पोलरायझर, ५० सेंटिमीटरची लेन्स आणि शेवटी ८ बिटचा कॅमेरा. पॅनेलच्या डाव्या अर्ध्यात सीन, उजव्या अर्ध्यात रेफरन्स विमान. कॅमेऱ्यात जो एकत्र स्पेक्ट्रम येतो तो परत त्याच पॅनेलवर दाखवायचा, की पुन्हा लेन्समधून जाऊन कोरिलेशन मिळतं, म्हणजे दोन आकृत्या कुठे किती जुळतात त्याचं चित्र; जुळलं तिथे चमकदार ठिपका, म्हणजे पीक.

मिळतंय काय तर मध्यभागी एक भलामोठा पांढरा गोळा, त्याच्या बाजूला कशीबशी दोन पीक, आणि सीनमध्ये धावपट्टी, झाडं, हँगर असं काही टाकलं की आणखी तीन-चार खोटी पीक. भरपूर फ्रेम्सची सरासरी घेऊन पाहिली, ढिम्म फरक नाही. गाइड म्हणतात एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) वाढव. कसा, ते सांगत नाहीत.

बाणेरचा_बोका
विमान शोधायला निघालेला माणूस गाइड शोधतोय असं दिसतंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोडवाला
राग मानू नका, पण २०२० नंतर हे कोण करतं? कुठलंही तयार न्यूरल नेट घ्या, शे-दोनशे फोटोंवर ट्रेन करा, दुपारच्या जेवणाआधी विमान सापडेल. धावपट्टीवरचं, झाडामागचं, तिरकं, सगळं. लेसरची धूळ पुसत बसायची हौस कशाला?

स्वानंदी
@कोडवाला, त्याने विचारलंय नॉइज कमी कसा करायचा, प्रोजेक्ट बदलू का असं नाही विचारलेलं.

@अर्धवट, डीएसपी (सिग्नल प्रोसेसिंग) शिकवते म्हणून आधी एक कटकटीचा प्रश्न. "नॉइज" म्हणजे तुझ्याकडे नक्की काय आहे? कारण तू जे लिहिलंस त्यात मला तीन वेगळ्या गोष्टी दिसतायत आणि तिघांचं औषध वेगळं. एक, कॅमेऱ्याचा आणि लेसरचा रँडम नॉइज, जो दर फ्रेमला बदलतो. दोन, धूळ, काचांमधले रिफ्लेक्शन, पॅनेलचे डाग यांनी तयार होणारे रिंगा आणि पट्टे, जे जागचे हलत नाहीत. तीन, सीनमधलीच धावपट्टी आणि झाडं. ती खरं तर नॉइज नाहीच, ती क्लटर. सरासरीने फक्त पहिला कमी होतो, १०० फ्रेम घेतल्या तर साधारण १० पटीने. तुला काहीच फरक पडला नाही याचाच अर्थ तुझा त्रास दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे.

आणि मॅच्ड फिल्टर (शोधायच्या आकृतीशी तंतोतंत जुळवून बनवलेला) "सर्वोत्तम" असतो असं आपण शिकवतो ना, नॉर्थने १९४३ मध्ये रडारसाठी ते काढलं, ते फक्त पांढऱ्या नॉइजपुरतं खरं आहे. म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा असलेला, सिग्नलमध्ये नुसता मिसळलेला. हँगर काही पांढरा नॉइज नाही, त्याला विमानासारख्याच सरळ कडा आहेत.

एक काम कर. लेसर झाकून एक फ्रेम, पॅनेल पूर्ण काळं ठेवून एक, पूर्ण पांढरं ठेवून एक, नुसता रेफरन्स दाखवून एक. चारही नीट बघ आणि इथे सांग.

खडूस_काका
वा, फार वर्षांनी कोणीतरी या विषयावर धागा काढला. मी उत्तरेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत याच कामावर होतो, आता निवृत्त. आमच्या वेळी एसएलएम (तुझ्या पॅनेलसारखे प्रकाश बदलणारे पडदे) वगैरे लाड नव्हते. सीन फिल्मवर, फिल्टर काचेच्या होलोग्राफिक प्लेटवर. व्हँडर लुग्टची १९६४ ची पद्धत, म्हणजे फिल्टर करताना तिरका रेफरन्स बीम टाकायचा, त्यामुळे फेज (प्रकाशाची लाट कुठल्या टप्प्यात आहे ते) पण फिल्मवर उतरते. मिशिगनला विलो रन नावाची लॅब होती तिथलं हे काम, त्याच छताखाली लीथ आणि उपात्निएक्स होलोग्राम करत होते. त्याही आधी, पन्नासच्या दशकात, तिथेच विमानातून घेतलेल्या रडारचे सिग्नल फिल्मवर नोंदवून शंकूच्या आकाराच्या भिंगातून चित्र बनवत होते. कॉम्प्युटरला ते झेपतच नव्हतं तेव्हा.

नॉइजचं म्हणाल तर आमचा मोठा शत्रू फिल्मची जाडी. इमल्शन सगळीकडे सारखं नसतं, एखाद-दोन मायक्रॉनचा चढउतार झाला की प्रकाशाची फेज बिघडते आणि पीक पसरतं. मग फिल्म दोन सपाट काचांच्या मध्ये, जवळपास त्याच रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सच्या द्रवात बुडवून ठेवायची. लिक्विड गेट म्हणायचो. त्या झायलीनचा वास अजून नाकात आहे.

आणि मुला, टेबल कशावर ठेवलंयस? आम्ही कडप्प्याची जाड फरशी स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवायचो, थोडीच हवा भरून. बाहेरून ट्रक गेला की फ्रिंजेस (उजेड-अंधाराच्या बारीक पट्ट्या) पुसल्या जायच्या म्हणून प्लेटा रात्री एक्सपोज करायचो.

टिल्लू
काका ट्यूबांवर कडप्पा हे सोन्याच्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखं आहे _/\_

मृण्मयी_के
काकांचं लिहिणं वाचून मजा आली, पण ट्यूबांच्या मुद्द्यावर थोडी असहमत. ते होलोग्राफिक फिल्टर करताना अत्यावश्यक, कारण दोन बीम वेगळ्या वाटांनी येतात. जॉइंट ट्रान्सफॉर्ममध्ये (वीव्हर आणि गुडमन, १९६६) सीन आणि रेफरन्स एकाच पॅनेलवर, एकाच लेन्समधून जातात, थरथरले तर दोघं एकत्र थरथरतात. कॅमेरा फार हलला नाही की झालं. @अर्धवट, तू ट्यूबा शोधायला जाऊ नकोस.

तुझ्या आकड्यांवरून मला दुसरंच दिसतंय. पॅनेल अर्धं-अर्धं वाटलंयस म्हणजे सीन ४०० पिक्सेल रुंद आणि सीन-रेफरन्स केंद्रातलं अंतरही ४०० च्या आसपास. मधला जो पांढरा गोळा आहे तो सीनचं स्वतःशीच झालेलं कोरिलेशन, आणि तो दोन्ही बाजूंना सीनच्या रुंदीएवढा पसरतो. म्हणजे तुझी पीक बरोबर त्याच्या शेपटीत येतायत. गोळ्याच्या बाहेर पडायचं तर केंद्रातलं अंतर सीनची रुंदी अधिक सीन-रेफरन्सच्या रुंदीची सरासरी, यापेक्षा जास्त हवं. सीन २०० पिक्सेल आणि रेफरन्स ८० ठेवलास तर अंतर ३४० च्या वर, आणि ते ८०० मध्ये आरामात बसतं. फ्रिंजेसचं टेन्शन घेऊ नको, ६३२.८ नॅनोमीटर गुणिले अर्धा मीटर भागिले ३४० पिक्सेल म्हणजे साधारण ११ मिलिमीटर, पट्टी २९ मायक्रॉनची येते, तुझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ५ मायक्रॉनच्या आसपास असेल तर सहज दिसेल.

सीन लहान करायचा नसेल तर वजाबाकी कर. एक फ्रेम दोन्ही मिळून, एक नुसता सीन, एक नुसता रेफरन्स. पहिल्यातून बाकी दोन वजा केले की गोळा जातो, आणि सीनमधल्या दोन वस्तूंची आपापसात होणारी कोरिलेशनं पण जातात. तुझ्या खोट्या पीकांपैकी एखादं त्यातलं असू शकतं.

बाणेरचा_बोका
थोडक्यात, देवळाबाहेर आपली चप्पल शोधताना आधी बाकीच्यांच्या चपला मोजून वजा करायच्या.

कोडवाला
बोका :D

बरं, मी जरा खवचट बोललो होतो त्यामुळे कामाचं पण सांगतो. कोरिलेशन फिल्टर कॉम्प्युटर व्हिजनमध्ये मेलेले नाहीत. २०१० मध्ये कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मॉसे नावाचा ट्रॅकर काढला, साध्या एफएफटीवर (कॉम्प्युटरवरचा झटपट फुरिये ट्रान्सफॉर्म) चालणारा, सेकंदाला ६६९ फ्रेम. तेव्हाच्या जडजड ट्रॅकर्सच्या तोंडचं पाणी पळालं. त्यात त्यांनी पीक खरं की खोटं ठरवायला एक सोपं माप वापरलंय: पीकची उंची वजा आजूबाजूची सरासरी, भागिले आजूबाजूचं स्टँडर्ड डेव्हिएशन. पीकभोवतीचा ११ बाय ११ चा चौकोन सोडून बाकीचा भाग "आजूबाजू" धरायचा. त्यांच्याकडे ट्रॅकिंग नीट चालू असताना हे २० ते ६० च्या दरम्यान असायचं आणि ७ च्या आसपास आलं की वस्तू झाकली गेली किंवा हरवली समजायचं. नुसतं "पीक दिसतंय" म्हणण्यापेक्षा हा आकडा गाइडसमोर ठेवा.

पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. लेन्स प्रकाशाच्या वेगाने ट्रान्सफॉर्म करते हे खरं, पण पॅनेल ६० हर्ट्झचं आणि कॅमेरा ३० चा असेल तर त्या वेगाचं करायचं काय?

खडूस_काका
कोडवाला साहेब, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक रिव्ह्यूला विचारला जायचा. फरक एवढाच की तेव्हा विचारणाऱ्याकडे पण दुसरा उपाय नसायचा.

अभ्यंकर_जुनेपुराणे
अवांतर: प्रोजेक्टरचं पॅनेल कुठे मिळालं? मुंबईत असताना लॅमिंग्टन रोडवर बंद पडलेले प्रोजेक्टर किलोवर मिळायचे. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी केली तर लोक प्रोजेक्टर विकायला बघतात, पॅनेल सुटं द्यायला नाही.

टिल्लू
अवांतराला अवांतर: १९८५ च्या सुमारास अमेरिकेत लोकांनी खिशात मावणारे एलसीडी टीव्ही उघडून त्यातलं पॅनेल याच कामाला वापरलं होतं, ऑप्टिक्सच्या पेपरमध्ये चक्क खेळण्यातला टीव्ही. भंगारातून लॅब ही आपलीच परंपरा नाही.

धाग्यावर येतो. सगळे इतकं काय काय सांगतायत, फेज ओन्ली का नाही वापरत? हॉर्नर आणि जियानिनोने १९८४ मध्ये दाखवलं की फिल्टरमधून अँप्लिट्यूड (लाटेची ताकद) काढून टाकून नुसती फेज ठेवली तरी चालतं, उलट पीक सुईसारखं टोकदार येतं आणि प्रकाश वाया जात नाही. चित्राची ओळख फेजमध्येच असते. प्रश्न मिटला.

स्वानंदी
टिल्लू, प्रश्न मिटत नाही, दुसरा सुरू होतो. अँप्लिट्यूड काढून टाकणं म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला विमानाची ताकद जवळजवळ शून्य आहे तिलाही पूर्ण मान देणं. तिथे विमान नाही, फक्त नॉइज आहे. सीन स्वच्छ असेल तर पीक सुरेख दिसतं, नॉइज मिसळला की हाय फ्रिक्वेन्सीचा सगळा कचरा सोबत येतो. ऐंशीच्या दशकात लोक याच्यावरच भांडत होते. टोकदार पीक हवं की नॉइजला दाद न देणारं पीक हवं, दोन्ही पूर्ण मिळत नाही. नंतर रेफ्रेजिएने दोघांच्या मधले फिल्टर काढले, एक बटण फिरवून इकडे किंवा तिकडे जाता येतं असे.

टिल्लू
मग मधल्या फ्रिक्वेन्सी तेवढ्या ठेवून बाहेरच्या कापायच्या. बँडपास. एवढं काय.

स्वानंदी
हो, ते चालतं, आणि लोक तेच करतात. पण कुठे कापायचं हे तुझ्या क्लटरवर ठरतं, पेपरवर नाही.

दर्यावर्दी_वास्को
मी मर्चंट नेव्हीत होतो, ऑप्टिक्समधलं शष्प कळत नाही, पण क्लटरवरून राहवलं नाही. जहाजाच्या रडारला "सी क्लटर" म्हणून एक नॉब असतो. लाटांवरून परत येणारे इको जहाजाच्या जवळच्या भागात फार जोरदार असतात म्हणून तो जवळच्या अंतराचा गेन खाली आणतो. जून-जुलैत गोव्याच्या किनाऱ्याकडे येताना स्क्रीन पांढरी झालेली असते, नवीन पोरगा वैतागून नॉब पूर्ण फिरवतो, स्क्रीन एकदम स्वच्छ, बघायला छान. आणि त्या स्वच्छ स्क्रीनमधून लाकडी मच्छीमार होडी पण गेलेली असते. आमचे जुने कॅप्टन ओरडायचे, थोडा कचरा दिसलाच पाहिजे, कचरा दिसत नाही म्हणजे तू आंधळा झालायस. पावसासाठी वेगळा नॉब असतो, तो लांबलचक इकोची नुसती पुढची कड ठेवतो.

मृण्मयी_के
@दर्यावर्दी, हे अगदी नेमकं आहे. तुमचा पावसाचा नॉब आणि आमचं कडा ठळक करणं हे एकाच जातीचं काम.

अर्धवट_एमटेक
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. स्वानंदी ताई, चारही फ्रेम घेतल्या. लेसर झाकून: काळी, जवळपास काहीच नाही. पॅनेल काळं: मधे एक ठिपका उरतोच, आणि त्याच्या चारी बाजूंना जाळीसारखे ठिपके. पॅनेल पांढरं: ठिपके ठळक, आणि पूर्ण फ्रेमभर तिरक्या, बारीक, समांतर पट्ट्या. नुसता रेफरन्स: त्याच पट्ट्या, त्याच जागी. विमान असो नसो पट्ट्या हलत नाहीत.

मृण्मयी_के
जाळीचे ठिपके पॅनेलच्या पिक्सेलमुळे, ते जाणार नाहीत, पण ते ठरलेल्या जागी असतात, तिथे बघायचंच नाही. काळ्यातही उरणारा मधला ठिपका म्हणजे पोलरायझर पूर्ण विझवत नाहीयेत, थोडे फिरवून बघ.

पट्ट्या मात्र जवळजवळ नक्की कॅमेऱ्याच्या काचेच्या. सेन्सरवर एक पातळ संरक्षक काच असते, तिच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेला प्रकाश आपापसात इंटरफिअर करतो. साध्या उजेडात कधी दिसत नाही, लेसरमध्ये हमखास. कॅमेरा चार-पाच अंश तिरका करून बघ, पट्ट्यांची रुंदी बदलली तर काचच. उपाय दोन. काच काढणे, पण ते हात थरथरणाऱ्याचं काम नाही, आणि सेन्सर नंतर धुळीला उघडा. किंवा लेसर बदलणे: सुपरल्युमिनेसंट डायोड मिळाला तर त्याची कोहिरन्स लेंग्थ इतकी कमी असते की काचेच्या दोन बाजूंचा प्रकाश एकमेकांना ओळखतच नाही. जॉइंट ट्रान्सफॉर्मला तो चालतो कारण सीन आणि रेफरन्सच्या वाटा जवळपास सारख्याच लांबीच्या.

धूळ आणि पॅनेलच्या डागांसाठी एक फुकटची युक्ती. सीन आणि रेफरन्स दोघांना एकत्र, अंतर न बदलता, पॅनेलवर इकडेतिकडे सरकव आणि दर वेळी स्पेक्ट्रमची फ्रेम घे. दोघं एकत्र सरकले तर स्पेक्ट्रमची तीव्रता बदलत नाही, फक्त फेज बदलते आणि कॅमेऱ्याला फेज दिसत नाही. पण धूळ जागची हलत नाही, त्यामुळे धूळ आणि चित्र यांची मिसळ दर वेळी वेगळी होते आणि आता सरासरीला अर्थ येतो. नुसतं एकाच जागी शंभर फ्रेम घेऊन धूळ जात नाही, हे तू अनुभवलंसच.

खडूस_काका
ही सरकवण्याची युक्ती आम्हाला फिल्मवर जमली नसती. मान्य.

बाई, त्याच्या कॅमेऱ्याचं पण सांगा. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, आणि फुरिये प्लेनमध्ये मधला ठिपका बाकीच्यापेक्षा हजारो पट तेजस्वी असतो. एक्सपोजर मधल्या ठिपक्याला धरून ठेवलं तर कडेला काहीच नाही.

मृण्मयी_के
हो काका, तेच पुढे लिहिणार होते. मधला ठिपका खुशाल सॅच्युरेट होऊ दे. तो चपटा होणं म्हणजे लो फ्रिक्वेन्सी दाबल्या जाणंच आहे आणि ते आपल्याला हवंच आहे, फक्त बाजूला ओघळणार नाही एवढं बघ. त्याच्या पुढे जाऊन मुद्दाम नॉन-लिनिअर कर. जाविदीने १९८९ मध्ये हे नीट मांडलं: स्पेक्ट्रमच्या तीव्रतेला के हा घात द्यायचा. के १ म्हणजे आहे तसं, के ० म्हणजे सरळ बायनरी. ० कडे गेलास की पीक टोकदार होतं, पण हार्मोनिक्स येतात, म्हणजे आणखी लांब अंतरावर नवीन खोटी पीक. मी ०.३ ते ०.५ पासून सुरू केलं असतं.

वजाबाकी करशील तेव्हा एक लक्षात ठेव, उत्तरात निगेटिव्ह आकडे येतात आणि पॅनेल निगेटिव्ह दाखवू शकत नाही. मग सगळ्याला एक ठराविक आकडा मिळवून वर उचलावं लागतं, त्यामुळे मधे परत ठिपका येतो. पण तो बारीक असतो, पसरलेला गोळा नाही. घात देताना चिन्ह बाजूला ठेवून द्यायचा आणि मग परत लावायचं.

बाणेरचा_बोका
मी इथे विनोद करायला आलो होतो आणि आता मला के चा घात माहीत आहे. संध्याकाळ वाया.

अर्धवट_एमटेक
अपडेट. कॅमेरा तिरका केल्यावर पट्ट्या रुंद झाल्या, म्हणजे काचच. काढायची परवानगी लॅब असिस्टंट देत नाहीत, कॅमेरा कॉलेजच्या रजिस्टरवर आहे, त्यामुळे तिरकाच ठेवलाय, इतका की पट्ट्यांमधून दिसणारी खोटी पीक माझ्या विमानाच्या जागेपासून लांब पडतील. पोलरायझर फिरवल्यावर काळ्यातला ठिपका बराच मंद झाला. वजाबाकी आणि के ०.४. गोळा गेला! कोडवाला दादांचं माप लावलं तर रिकाम्या पार्श्वभूमीवर ३० च्या वर येतंय, धावपट्टी आणि झाडांसकट १२-१३. हँगर अजून एक खोटं पीक देतो, त्याचं ८ च्या आसपास.

के ०.२ केला तर विमानाचं वाढतं पण हँगरचं पण वाढतं.

स्वानंदी
साहजिक आहे, हँगरच्या कडा पण तू टोकदार करतोयस. इथे के ने भागणार नाही. रेफरन्सच बदल: विमानाचा हँगरपेक्षा वेगळा भाग, पंख आणि शेपटी, ठळक ठेव, सरळ लांब धड थोडं मंद कर. आणि थ्रेशोल्ड (पीक खरं मानायची किमान पातळी) एकच आकडा ठेवू नको, रडारवाले करतात तसा आजूबाजूच्या पातळीवरून ठरव. १२ आणि ८ मध्ये जागा आहे.

कोडवाला
८ आणि १२, दोन्ही ७ च्या वर आहेत, त्यामुळे ७ हा आकडा इथे डोळे मिटून वापरू नका. तो त्यांच्या ट्रॅकरचा होता. तुमच्या सीनवर किती खोटी पीक येतात ते मोजून तुमचा आकडा काढा.

अर्धवट_एमटेक
करतो. आणखी एक शेवटचं: गाइड आता म्हणतायत विमान फिरवून दाखव. थोडं फिरवलं की पीक निम्मं होतं. फेज, घात, वजाबाकी काहीच कामाला येत नाही.

खडूस_काका
येणारच नाही. हा नॉइज नाही, हा मॅच्ड फिल्टरचा स्वभाव आहे.

मृण्मयी_के
यावर १९८० पासून लोक लिहितायत. हेस्टर आणि कासासेंट यांनी अनेक कोनांतल्या चित्रांचा मिळून एक फिल्टर केला, मग १९८७ मध्ये महालनोबिस, विजयकुमार आणि कासासेंट यांनी कार्नेगी मेलनला मेस फिल्टर काढला, त्यात पीक टोकदार ठेवून सगळे कोन एकात बसवता येतात. पण त्यात निगेटिव्ह आकडे येतात, तुझ्या पॅनेलला ते झेपत नाहीत, आणि एकात जितके जास्त कोन कोंबशील तितका नॉइज परत वाढतो. एमटेकपुरतं सरळ कर: दर ५ अंशाला एक रेफरन्स, म्हणजे ७२. प्रत्येकाला पॅनेलवर दोन फ्रेम, ६० हर्ट्झला सगळे मिळून साधारण अडीच सेकंद, कॅमेरा तेवढा भरभर असेल तर. नाहीतर दुप्पट धर.

वजाबाकीसाठी लागणारे नुसत्या रेफरन्सचे ७२ स्पेक्ट्रम आधीच घेऊन ठेव, दर वेळी घ्यायची गरज नाही. फक्त लेसर चालू करून नीट गरम झाल्यावर घे, पॉवर स्थिरावायच्या आधी घेतलेस तर वजाबाकी अर्धवट राहील आणि गोळा परत येईल. पोलरायझरला कुणाचा हात लागला तर सगळे ७२ पुन्हा. आणि कॅमेऱ्याचा ऑटो गेन बंद आहे ना, ते आत्ताच जाऊन बघ.